सुखान्ताची शिल्लक : अभिजात अमेरिकी चित्रपटांतील आशयसूत्रे आणि अभिनय

अभिजात अमेरिकी चित्रपटाची चर्चा करताना त्याच्या सुखान्ताचा उल्लेख बहुधा दूषण म्हणून होतो. १९३५ ते १९६० या पंचवीस वर्षांत हॉलिवूडच्या मोठ्या चित्रसंस्थांनी जे चित्रपट निर्माण केले, त्यांपैकी बहुतेकांत दुष्टाचा पाडाव होतो, दुरावलेली माणसे एकत्र येतात आणि भरकटलेला नायक घरी परततो. जीवनातील व्यामिश्रता अशा रीतीने निकालात काढणे हे कलेचे लक्षण नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो कथानकापुरता खरा आहे. कथानकातून एक माणूस चालत असतो. त्याला चेहरा असतो, हात असतात, आवाज असतो. कथेने आपला हिशेब पुरा केल्यानंतरही त्या चेहऱ्यावर काहीतरी उरते. ही जी शिल्लक राहते, ती लक्षात घेतल्याखेरीज या चित्रपटांचे आशयसूत्र हाती लागत नाही.

सुखान्ताच्या आग्रहामागे केवळ प्रेक्षकांचा अनुनय नव्हता. १९३० साली लिहिली गेलेली 'प्रॉडक्शन कोड' ही आचारसंहिता १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली काटेकोरपणे अमलात आली आणि १९६८ साली वर्गीकरणाची पद्धत येईपर्यंत ती नावापुरती का होईना, टिकून होती. गुन्ह्याविषयी सहानुभूती वाटू नये, विवाहसंस्थेचे पावित्र्य अबाधित राहावे, पापाचे आकर्षण उत्पन्न होऊ नये, अशा तिच्या अटी होत्या. पटकथा चित्रीकरणापूर्वीच तपासल्या जात. शब्द तपासता येतो, प्रसंग गाळता येतो. पण वाक्य उच्चारण्यापूर्वी नटाने घेतलेला श्वास कागदावर उमटलेला नसतो. जे शब्दांत मांडण्याची सोय नव्हती, ते त्यामुळे अभिनयाच्या वाट्याला आले. कधी दिग्दर्शकाने ते जाणीवपूर्वक सोपवले, तर कधी नटाच्या प्रकृतीधर्मातूनच ते व्यक्त झाले.

या काळातील अभिनयाचा इतिहास सामान्यतः दोन खंडांत सांगितला जातो. मॉस्को आर्ट थिएटरच्या १९२३ मधील अमेरिकेच्या दौऱ्याने स्तानिस्लावस्कीच्या विचारांचे बीज तेथे रुजले, १९३१ मध्ये ग्रुप थिएटर स्थापन झाले, १९४७ मध्ये ॲक्टर्स स्टुडिओ आला आणि मार्लन ब्रँडोच्या रूपाने अंतर्मुख अभिनयाचे पर्व सुरू झाले, असे या मांडणीचे सूत्र आहे. त्यापूर्वीचे जेम्स स्ट्युअर्ट, गॅरी कूपर, जॉन वेन हे नट केवळ स्वतःचीच भूमिका करीत होते, असेही ओघाने म्हटले जाते. ही विभागणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. भरताने सांगितलेल्या चार प्रकारांपैकी सात्त्विक अभिनय हा ज्या अवस्थांतून प्रकट होतो त्यांत स्तंभ आहे, स्वरभंग आहे, कंप आहे. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे कठीण असलेल्या या अवस्था कॅमेऱ्याने हातभर अंतरावर आणल्या. त्या साधण्याचे सामर्थ्य कोणा एका संप्रदायाच्या मालकीचे नव्हते, याची साक्ष पुढील चित्रपट देतात.

फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) हा सुखान्त चित्रपटांचा मेरुमणी मानला जातो. बेडफर्ड फॉल्स या लहान गावातील जॉर्ज बेली जग पाहण्याची, पूल आणि इमारती उभारण्याची स्वप्ने बाळगतो. प्रत्यक्षात वडिलांच्या मागे गरिबांना घरासाठी कर्ज देणारी छोटी संस्था चालवत तो गावातच राहतो. संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ होतात तेव्हा तो नाताळच्या आदल्या रात्री आत्महत्येच्या उंबरठ्यावर पोहोचतो. एक देवदूत त्याला तो जन्मालाच आला नसता तर गावाचे काय झाले असते हे दाखवतो. अखेरीस सारे गाव पैसे घेऊन त्याच्या घरी लोटते. कथानकाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : सामान्य माणसाचे आयुष्य व्यर्थ नसते.

जेम्स स्ट्युअर्टने हा निष्कर्ष इतक्या सहजपणे पदरात पडू दिलेला नाही. दूरध्वनीचा प्रसंग याचे उदाहरण आहे. जॉर्ज आणि मेरी एकच रिसीव्हर दोघांच्या मधे धरून उभे आहेत; पलीकडून एक श्रीमंत मित्र प्लॅस्टिकच्या धंद्यातील संधीविषयी बोलत आहे. दोघांचे चेहरे एका चौकटीत जवळजवळ चिकटलेले आहेत. प्रेमाची कबुली देण्याचा हा क्षण. पण स्ट्युअर्ट मेरीला खांद्यांना धरून गदगदा हलवतो, आपल्याला लग्न करायचेच नाही असे संतापाने सांगतो आणि त्याच वाक्याच्या अखेरीस कोसळून तिला मिठी मारतो. या मिठीत सुख आहे. त्याचबरोबर दार बंद होत असल्याची जाणीवही आहे. ही मुलगी म्हणजे हे गाव, आणि हे गाव म्हणजे पुलांचा शेवट, हे त्याला त्या क्षणी कळलेले असते.

पैसे गहाळ झाल्यानंतर घरी परतलेल्या जॉर्जचा प्रसंग याहून भयकारी आहे. मुलगी पियानोवर तेच ते सूर पुन्हा पुन्हा वाजवत आहे, मुलगा शब्दांची स्पेलिंगे विचारत आहे, घर सणासाठी सजलेले आहे. लहानग्या मुलाला मांडीवर घेऊन स्ट्युअर्ट रडतो, आणि थोड्याच वेळाने कोपऱ्यातील टेबल उलथवून आपल्याच हाताने केलेल्या पुलांच्या आणि इमारतींच्या प्रतिकृती लाथाडतो. नंतर तो कुटुंबाकडे वळतो, माफी मागतो आणि मुलीला पुन्हा वाजवायला सांगतो. ती थिजून उभी राहिलेली पाहून पुन्हा ओरडतो. वात्सल्य आणि द्वेष यांमध्ये कोठेही सांधा दिसू नये, अशा रीतीने हे घडते. युरोपच्या आकाशात बॉम्बफेकी विमान चालवून आलेल्या स्ट्युअर्टचा युद्धानंतरचा हा पहिला चित्रपट; त्यात त्याच्या वाट्याला आला तो कानाच्या दोषामुळे युद्धावर जाऊ न शकलेला माणूस. नटाच्या चरित्रातून भूमिकेचा अर्थ लावण्याचा मोह टाळावा हे खरे. तथापि युद्धपूर्व काळातील त्याच्या लाजऱ्या, प्रसन्न भूमिकांत नसलेला एक कठोर सूर येथे प्रथमच ऐकू येतो, एवढे नोंदवणे भाग आहे.

शेवटी गावकऱ्यांच्या पैशांनी टेबल भरते. पण पैसे लपवून ठेवणाऱ्या पॉटरला शासन होत नाही, आणि जॉर्ज गावाबाहेर कधीच जात नाही. उलथलेल्या टेबलाची दुरुस्ती कथेत कोठेही नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांत येणारे पाणी केवळ आनंदाचे असते तर हा चित्रपट इतका टिकला नसता.

विल्यम वायलरचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' त्याच वर्षी प्रदर्शित झाला आणि त्याने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर पारितोषिके मिळवली. परतलेल्या तीन सैनिकांची ही कथा आहे. घरी येणे हे तिचे आशयसूत्र. स्वतः वायलर युद्धकाळात विमानदलासाठी माहितीपट काढत असताना एका कानाची श्रवणशक्ती गमावून परतला होता. या चित्रपटातील होमर या नाविकाची भूमिका हॅरल्ड रसेलने केली. तो व्यावसायिक नट नव्हता. १९४४ साली सैनिकी प्रशिक्षणाच्या कामी झालेल्या स्फोटाच्या अपघातात त्याचे दोन्ही हात गेले होते. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले : एक सहायक अभिनेत्याचे आणि दुसरे सैनिकांना धीर देण्याबद्दलचे विशेष.

होमर घरासमोर टॅक्सीतून उतरतो तेव्हा शेजारची विल्मा धावत येऊन त्याला मिठी मारते. त्याचे हात शरीराच्या दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहतात. पुढे एका रात्री तो तिला आपल्या खोलीत नेतो, खांद्यावरचे पट्टे सोडवून लोखंडी आकडे काढून ठेवतो आणि यानंतर आपल्याला दारसुद्धा उघडता येणार नाही हे सांगतो. तो हे सांगतो एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तशा स्वरात. करुणेची याचना करणारा एकही हेल त्यात नाही. प्रशिक्षित नटाने येथे बहुधा आवाज दाटू दिला असता. रसेलचा सपाट स्वर हा त्या माणसाने रोज स्वतःशी केलेल्या व्यवहाराचा स्वर आहे. विल्मा त्याच्या अंगरख्याची बटणे लावते आणि प्रसंग संपतो. शेवटी लग्न होते, आकड्याने अंगठी बोटात सरकवली जाते. कथानकाच्या दृष्टीने हा सुखान्तच. पण हात परत येत नाहीत.

याच चित्रपटात फ्रेडरिक मार्च आणि मर्ना लॉय यांच्या पुनर्भेटीचा प्रसंग आहे. बँकेतला अधिकारी असलेला अल घरात शिरतो आणि मुलांना गप्प राहण्याची खूण करतो. आतून पत्नी कोण आले असे विचारते. उत्तर येत नाही. तिचा आवाज थांबतो. त्या थांबण्यातच तिला कळलेले असते. मग ती लांब मार्गिकेच्या टोकाला येऊन उभी राहते. त्या अंतरात सारी विरहाची वर्षे मावतात. ग्रेग टोलंडच्या छायाचित्रणाने जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट ठेवल्यामुळे नटांना आपापल्या जागी राहून, तुकड्यांत न तुटता, अभिनय करता आला, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे.

युद्धानंतरच्या या दोन चित्रपटांत समाज माणसाला सामावून घेतो. थोड्याच वर्षांत हे चित्र पालटले. कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीने १९४७ आणि पुन्हा १९५१ पासून चित्रपटक्षेत्रातील लोकांना साक्षीसाठी बोलावले. नावे न सांगणाऱ्यांचे काम बंद झाले. फ्रेड झिनेमानच्या 'हाय नून' (१९५२) या चित्रपटाचा पटकथाकार कार्ल फोरमन याला चित्रीकरणाच्या काळातच समितीपुढे जावे लागले. त्याने नावे सांगितली नाहीत आणि पुढे तो इंग्लंडला गेला. गावावर गुंड चालून येत असता मदतीसाठी दारोदार फिरणारा आणि सर्वांकडून नकार ऐकणारा मार्शल विल केन या पार्श्वभूमीवर निर्माण झाला.

गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीत होता. त्याने केन रंगवला तो थकलेला, घाबरलेला माणूस म्हणून. पाश्चिमात्य साहसपटाच्या नायकाला भीती दाखवण्याची मुभा सहसा नसते. कूपर चर्चमध्ये मदत मागायला उभा राहतो तेव्हा त्याचे हात कोठे ठेवावेत हे त्याला सुचत नाही; एका क्षणी तो कचेरीतील टेबलावर डोके टेकतो. शेवटी गुंड मरतात, गावकरी गोळा होतात, आणि तो छातीवरचा बिल्ला धुळीत टाकून निघून जातो. विजयाचा लवलेशही चेहऱ्यावर नाही. समाजाचे रक्षण झाले. समाजावरचा विश्वास मात्र वाचला नाही. गंमत अशी, की कूपरने स्वतः १९४७ साली समितीपुढे कम्युनिझमविरोधी साक्ष दिली होती, जरी त्याने कोणाचे नाव घेतले नव्हते. आणि हा चित्रपट नापसंत असलेल्या जॉन वेननेच १९५३ साली त्याच्या वतीने ऑस्कर स्वीकारले. अभिनयाचा अर्थ नटाच्या राजकीय मतात बंदिस्त नसतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

याच प्रश्नाची दुसरी बाजू एलिया कझानच्या 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) मध्ये दिसते, आणि येथे तो प्रश्न अधिक टोचतो. कझानने एप्रिल १९५२ मध्ये समितीपुढे ग्रुप थिएटरमधील आपल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. पटकथाकार बड शुलबर्ग यानेही साक्ष दिली होती. त्यांच्या चित्रपटाचा नायक टेरी मलॉय हा गोदीतील गुंडांविरुद्ध चौकशीत साक्ष देतो आणि तेच त्याचे शौर्य ठरते. साक्षीविषयी आपल्याला पश्चात्ताप नाही असे टेरी ओरडून सांगतो तेथे आपणच बोलत होतो, हे कझानने १९८८ च्या आत्मचरित्रात मान्य केले आहे. तेव्हा हा चित्रपट म्हणजे एक समर्थनपत्र आहे, असे म्हणणाऱ्यांना खोडून काढता येत नाही. गोदीतील खुनी टोळी आणि मतांसाठी उपजीविका गमावणारे कलावंत यांना एका पारड्यात टाकणे हा तर्काचा आणि नीतीचाही दोष आहे.

तरीही ब्रँडोचा टेरी या समर्थनात मावत नाही. ईव्हा मरी सेंटच्या हातून पडलेला पांढरा हातमोजा उचलून तो आपल्या मुष्टियोद्ध्याच्या हातात चढवतो आणि बोलत राहतो; एका क्रूर जगात वाढलेल्या माणसाला कोमलतेचे वाटणारे कुतूहल त्या एका कृतीत दिसते. टॅक्सीतील प्रसंगात थोरला भाऊ चार्ली त्याच्यावर पिस्तूल रोखतो, तेव्हा ब्रँडो घाबरत नाही, रागावतही नाही. तो पिस्तुलाची नळी हलकेच बाजूला सारतो, जणू भावाला लाज वाटू नये म्हणून. त्यानंतरचे त्याचे बोलणे म्हणजे तक्रारीपेक्षा अधिक शोक आहे. साक्ष दिल्यावर टेरी परततो तो विजयी वीर म्हणून नव्हे. पोलीस पाठीशी, शेजारी तोंड फिरवलेले आणि ज्या मुलाला त्याने लळा लावला तोच त्याची कबुतरे मारून टाकणारा. ब्रँडो मेलेले कबूतर हातात घेऊन उभा राहतो तेव्हा साक्षीची किंमत दिसते. दिग्दर्शकाला समर्थन हवे होते. नटाने त्याला दुःख दिले. १९९९ साली कझानला सन्मानाचे ऑस्कर देण्यात आले तेव्हा सभागृहातील काही जण उभे राहिले, काही हात बांधून बसून राहिले. दोघांनाही आपापल्या बाजूचा पुरावा या एका चित्रपटात सापडू शकतो.

येथे एका सावधगिरीची आवश्यकता आहे. चित्रपटातील अभिनय ही नटाची एकट्याची निर्मिती नसते. दोन भावांची जवळीक ज्या प्रसंगात पराकोटीला पोहोचते, त्या टॅक्सीच्या प्रसंगातच रॉड स्टायगरचे जवळून घेतलेले चित्रण ब्रँडो निघून गेल्यावर झाले, आणि समोरची वाक्ये कझानने वाचली. स्टायगरने ही सल अनेक वर्षे बोलून दाखवली. पडद्यावर दिसणारे परस्परांत गुंतणे हे काही अंशी संकलनाचे कार्य आहे. म्हणून नटाच्या अंतःकरणातील सत्य वगैरे शब्दप्रयोग जपून करावेत. पडद्यावर जे उमटते तेच समीक्षेचे क्षेत्र. ते कोणाच्या मनातून आले हे ठरवणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते.

जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स' (१९५६) मध्ये संकलन, चौकट आणि देह यांचा असाच मेळ पडला आहे. युद्धातून उशिरा परतलेला ईथन एडवर्ड्स भावाच्या घरी येतो. कोमांची टोळी ते कुटुंब मारते आणि लहान डेबीला पळवून नेते. ईथनचा शोध वर्षानुवर्षे चालतो आणि हळूहळू उमगते की तो तिला सोडवण्यासाठी नव्हे, तर मारण्यासाठी शोधत आहे. मूळ रहिवाशांमध्ये वाढलेली मुलगी त्याच्या लेखी जिवंत उरलेली नाही. भावाची पत्नी मार्था आणि ईथन यांच्यातील प्रेमाविषयी संवादांत एक अक्षरही नाही. ती त्याचा कोट हातांनी कुरवाळते. दुसऱ्या खोलीत कॉफी पिणारा धर्मोपदेशक ते पाहतो आणि नजर समोर वळवतो. आचारसंहितेला यात गाळण्याजोगे काहीच सापडले नसते, आणि तरीही ईथनच्या द्वेषाचे मूळ तेथेच आहे.

केवळ आडदांड नट म्हणून हिणवल्या गेलेल्या वेनने हा द्वेष गोड करून दाखवलेला नाही. अखेरीस तो डेबीला गाठतो आणि तिला वर उचलतो. चित्रपटाच्या आरंभी लहान डेबीला त्याने असेच उचलले होते. द्वेष का गळून पडला याचे स्पष्टीकरण कोणी देत नाही. बाहूंना जुनी कृती आठवली, एवढेच दिसते. घराच्या दारातून सारे आत जातात. वेन बाहेर उभा राहतो, डाव्या हाताने उजव्या हाताचे कोपर धरतो आणि वळून चालू लागतो. कोपर धरण्याची ही लकब दिवंगत नट हॅरी केरी याची. त्याची विधवा ऑलिव्ह केरी याच चित्रपटात काम करीत होती. वेनने केलेली ती आदरांजली होती. पण तो संदर्भ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही एक माणूस स्वतःलाच धरून उभा आहे, हे दिसते. मग दार मिटते. कुटुंब एकत्र आले. ज्याने ते आणले त्याला आत जागा नाही.

परंतु ही शिल्लक सर्वांच्याच वाट्याला येत नव्हती, हे नोंदवल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. 'द सर्चर्स'मधील कोमांचीप्रमुखाची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन या गौरवर्णी नटाने केली. ज्याच्या दुःखाचा कथेत उल्लेख येतो, त्याच्या समाजाचा चेहरा त्याला लाभला नाही. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये बेलींच्या घरी काम करणारी कृष्णवर्णीय ॲनी हीसुद्धा अखेरीस आपली शिल्लक आणून टेबलावर ठेवते. लिलियन रँडॉल्फच्या तोंडी त्या क्षणी एक विनोद दिला आहे. लोक हसतात आणि कॅमेरा पुढे सरकतो. तिच्या आयुष्यात कोणते पूल बांधायचे राहिले, हे विचारण्याची चित्रपटाला गरज वाटत नाही. 'गॉन विथ द विंड'मधील (१९३९) भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल हिला १९४० च्या त्या समारंभात सहकलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसावे लागले होते. कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचे, हा निर्णय केवळ सौंदर्यदृष्टीचा नसतो. अभिनयाने कथेला प्रश्न विचारण्यासाठी आधी नटाला चौकटीत थांबण्याची सवड मिळावी लागते.

या मर्यादेसह अभिजात अमेरिकी चित्रपटाचे मोल ठरवावे लागते. घर, गाव, कर्तव्य आणि परत येणे या त्याच्या आवडत्या मूल्यांवर त्याच्या कथा विश्वास ठेवतात आणि तो विश्वास ढोंगी नसतो. मात्र त्या मूल्यांची किंमत कोणी मोजली हे कथा सांगत नाहीत. ते स्ट्युअर्टचा फुटलेला स्वर, रसेलचे लोंबणारे हात, कूपरची गोंधळलेली उभी राहण्याची ढब, ब्रँडोने बाजूला सारलेले पिस्तूल आणि वेनने धरलेले कोपर सांगतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने या चित्रपटांची कथासूत्रे लिहून काढली तर त्याच्या हाती सुभाषिते लागतील. तेच चित्रपट ध्वनी बंद करून, केवळ माणसांकडे पाहत पाहिले, तर त्याच सुभाषितांखालचा खर्च दिसू लागेल. या दोहोंतील अंतर जेथे सर्वाधिक जाणवते, तेथे हा चित्रपट सर्वाधिक थोर आहे.